ड्रॉइंग अगदी बिनचूक होतं!

आपल्या कॉलेजात ‘हिटलर’ हा शब्द दिवसातून चार वेळा तरी ऐकू येतोच. अटेंडन्सला कडक असलेले सर म्हणजे हिटलर, रात्री दहाच्या ठोक्याला गेट बंद करणाऱ्या रेक्टर मॅडम म्हणजे हिटलर, आणि वर्कशॉपमध्ये तोच जॉब तिसऱ्यांदा फाइल करायला लावणारे मामा म्हणजे तर डबल हिटलर! इथपर्यंत ठीक आहे. गंमत म्हणून सोडून देऊ.

पण मेसमधल्या गप्पा कधीकधी गमतीच्या पुढे जातात. ‘काही म्हणा, माणूस ग्रेट होता. काय ती शिस्त, काय तो देश उभा केला! आपल्याकडे असाच एक पाहिजे.’ असं म्हणणारी मुलं वाईट नसतात. अभ्यासू असतात, जर्नल कम्प्लीट असतं, आईवडिलांना दर रविवारी फोन करतात. फुटपाथवरून घेतलेलं हिटलरचं आत्मचरित्र त्यांच्या रॅकवर सेल्फ-हेल्पच्या पुस्तकांशेजारी असतं. २००६ साली तर नवी मुंबईत एका रेस्टॉरंटला चक्क हिटलरचं नाव दिलं गेलं होतं. मुंबईतल्या ज्यू मंडळींनी आक्षेप घेतला आणि मग ते बदललं. नाव देणाऱ्यांना त्यात काही वावगंच वाटलं नव्हतं.

म्हणून हा लेख. (कॉन्व्हेंटचं मराठी आहे, जरा सांभाळून घ्या!)

आधी त्या ‘देश उभा केला’चं बघू. हायवे त्याने बांधले म्हणतात. जर्मनीतला कोलोन ते बॉन हा मोटरवे १९३२ मध्ये खुला झाला, म्हणजे हिटलर सत्तेवर यायच्या आदल्या वर्षी. सामान्य माणसाला स्वस्त गाडी दिली म्हणतात. त्या फोक्सवॅगनसाठी तीन लाखांहून जास्त जर्मनांनी दर आठवड्याला पैसे भरले आणि त्यातल्या एकालाही त्या काळात गाडी मिळाली नाही. कारखाना युद्धाच्या कामाला लागला. आणि बुद्धिमत्तेचं म्हणाल, तर एप्रिल १९३३ मध्ये कायदा करून ज्यू लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढलं. विद्यापीठंही त्यात आली. क्वांटम मेकॅनिक्सचे मॅक्स बॉर्न ग्योटिंगेनमधून गेले. १९३५-३६ मध्ये सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून ते बंगळूरच्या इन्स्टिट्यूटमध्ये काही महिने राहिले होते. ज्या देशाने आइन्स्टाइन आणि बॉर्न यांना हाकललं, त्या देशाने स्वतःला ‘उभं’ केलं, हे इंजिनिअरिंगच्या पोरांनी तरी म्हणू नये!

पण हा काही मुख्य मुद्दा नाही. मुख्य मुद्दा आहे ती ‘शिस्त’. ती शिस्त कशासाठी वापरली गेली आणि ती नक्की कोणाची होती, हे बघितलं पाहिजे. कारण त्यात आपल्यासारखी माणसं भरपूर आहेत.

थोडक्यात इतिहास. १९३३ मध्ये जर्मनीत ज्यू होते पाच लाखांच्या आसपास. लोकसंख्येच्या एक टक्काही नाही! या एक टक्क्यामुळे देश बुडाला, असं बाकीच्या नव्व्याण्णव टक्क्यांना पटवलं गेलं. आधी दुकानांवर बहिष्कार, मग नोकऱ्या गेल्या. १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी नागरिकत्वाचे हक्क गेले, ज्यू आणि बिगर-ज्यूंच्या लग्नावर बंदी आली. नोव्हेंबर १९३८ मध्ये एका रात्रीत देशभरातली सिनेगॉग पेटवली, सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत टाकलं, आणि झालेल्या नुकसानीबद्दल दंड ज्यूंनाच ठोठावला. एक अब्ज मार्क! युद्ध सुरू झाल्यावर पोलंड आणि रशियाकडच्या भागात आधी गोळ्या घालून आणि मग गॅस चेंबरमध्ये माणसं मारली गेली. १९४५ पर्यंत साठ लाख ज्यू मेले. युरोपातल्या दर तीन ज्यूंपैकी दोन.

फक्त ज्यूच नाहीत. रोमा म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात ते लोक, कमीत कमी अडीच लाख मारले गेले. काही अंदाज पाच लाखांपर्यंत जातात. तीस लाखांहून जास्त सोव्हिएत युद्धकैदी उपासमारीने, थंडीने आणि गोळ्यांनी मेले. पोलंडमधले शिक्षक, पाद्री, वकील मारले. समलिंगी पुरुषांना छावण्यांत टाकलं. आणि सगळ्यात आधी कोणावर गॅसचा प्रयोग केला माहीत आहे? स्वतःच्याच देशातल्या अपंग आणि मनोरुग्णांवर. जानेवारी १९४० पासून ऑगस्ट १९४१ पर्यंत ७० हजार माणसं ‘बाथरूम’ म्हणून दाखवलेल्या खोल्यांत गुदमरवून मारली. कारण काय, तर ती कामाची नाहीत, त्यांच्यावर खर्च होतो!

‘ज्यू’ हा शब्द आपल्याला लांबचा वाटतो. तसा तो नाही. रायगड जिल्ह्यात अलिबागच्या आसपास बेने इस्राएल लोक शेकडो वर्षं राहिले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनवार तेली’. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर. घरात मराठी. ‘बूट पॉलिश’ सिनेमातला जॉनचाचा आठवतो? ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आपल्याकडे त्यांना कोणी त्रास दिला नाही. पण हेच पेणकर आणि चेऊलकर १९४२ मध्ये कोकणाऐवजी ॲमस्टरडॅममध्ये राहत असते, तर त्यांचं काय झालं असतं ते सांगायला नको.

आता विचार करा. साठ लाख हा आकडा किती मोठा आहे? एक माणूस, कितीही क्रूर असला, तरी हे एकटा करू शकतो का? हिटलरने स्वतःच्या हाताने गॅसचा डबा उघडला नाही. माणसं शोधायची, त्यांच्या याद्या करायच्या, त्यांना ट्रेनमध्ये भरायचं, ट्रेनचं टाइमटेबल लावायचं, छावणी बांधायची, तिला पाणी, वीज, ड्रेनेज द्यायचं, गॅस पुरवायचा, प्रेतांची विल्हेवाट लावायची. ही सगळी टेक्निकल कामं आहेत. डिझाइन, कोटेशन, परचेस ऑर्डर, इन्स्टॉलेशन, टेस्टिंग, मेंटेनन्स. ही कामं कोणी केली? आपल्याच व्यवसायातल्या माणसांनी.

जर्मनीत एरफुर्ट नावाचं शहर आहे. तिथे १८७८ पासून टोफ अँड सन्स नावाची कंपनी होती. बीअरसाठी माल्ट बनवायची यंत्रं आणि बॉयलरच्या भट्ट्या ही तिची खासियत. शिवाय शहरांच्या स्मशानांसाठी दहनभट्ट्याही ती बनवायची, आणि त्यात तिचं नाव चांगलं होतं. अशा भट्ट्यांसाठी जर्मनीत कडक नियम होते. एका वेळी एकच देह, प्रत्येकाची राख वेगळी, मृताचा मान राहिला पाहिजे. कुर्ट प्रुफर हा त्या विभागाचा इंजिनिअर. हे सगळे नियम त्याला तोंडपाठ.

१९३९ च्या सुमाराला छळछावण्यांकडून ऑर्डरी यायला लागल्या. बुखेनवाल्ड, डाखाऊ, मग ऑशविट्झ. प्रुफरने नियम बाजूला ठेवून डिझाइन बदललं. आधी दोन कप्प्यांची भट्टी, मग तीन कप्प्यांची, मग आठ कप्प्यांची. इंधन कमी लागावं, वेळ कमी लागावा. एफिशिअन्सी! तो ऑशविट्झला अनेकदा जाऊन आला. बर्लिनची दुसरी एक कंपनी स्पर्धेत होती, म्हणून काम आपल्याकडेच राहावं याची धडपडही त्याने केली. त्याचा सहकारी कार्ल शुल्त्से व्हेंटिलेशनचा माणूस. गॅस चेंबरमधली हवा बाहेर काढायची यंत्रणा त्याची. मार्च १९४३ मध्ये या कंपनीने ऑशविट्झच्या बांधकाम ऑफिसला पाठवलेलं पत्र आज उपलब्ध आहे. हायड्रोसायनिक ॲसिडचा उरलेला गॅस मोजणाऱ्या उपकरणांबद्दल ते पत्र आहे. दहनभट्टीच्या इमारतीत हा विषारी गॅस कशाला असेल, हे न कळायला ते काही फर्स्ट इयरचे विद्यार्थी नव्हते.

जून १९४३ च्या अखेरीस ऑशविट्झच्या बांधकाम विभागाने कपॅसिटी कळवली. पाचही दहनगृहं मिळून चोवीस तासांत ४,७५६ देह. आपण पंपाचा डिस्चार्ज लिहितो, तसा हा आकडा लिहिलाय.

तिसरा एक इंजिनिअर फ्रिट्झ सँडर. त्याला प्रुफरच्या भट्ट्या कमी वाटल्या. १९४२ मध्ये त्याने स्वतःहून, कोणी सांगितलेलं नसताना, एका नव्या भट्टीची कल्पना मांडून पेटंटसाठी कागद तयार केले. कन्व्हेयरसारखी सलग चालणारी, अनेक मजली. वरून देह आत जाणार, उतारावरून घसरत खाली येणार आणि येता येता जळणार. ड्रॉइंगच्या दृष्टीने बघाल तर हुशारी आहे. फुल मार्क्स!

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांनी या तिघांना पकडून चौकशी केली. सँडरचं म्हणणं साधारण असं होतं की, मी जर्मन इंजिनिअर आहे, माझं ज्ञान देशाला युद्ध जिंकायला मदत व्हावी म्हणून वापरणं हे माझं कर्तव्य होतं, विमानं बनवणारा इंजिनिअर करतो तसंच. सँडर चौकशीच्या काळातच मेला. प्रुफर १९५२ मध्ये सोव्हिएत कैदेत मेला. शुल्त्से १९५५ मध्ये सुटला.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते दुसऱ्या एका गोष्टीने. हा धंदा त्या कंपनीसाठी फार मोठा नव्हता. एकूण उलाढालीचा अगदी लहानसा भाग. तो नसता तरी कंपनी बुडाली नसती. कंपनीवर कोणी जबरदस्ती केल्याचा पुरावाही नाही. एरफुर्टमधल्या त्यांच्या जुन्या ऑफिसमध्ये २०११ पासून स्मारक आणि म्युझियम आहे. तिथे ड्रॉइंग बोर्ड आहेत, आणि इमारतीवर कंपनीच्या पत्रांच्या शेवटी लिहिलं जाणारं वाक्य आहे. ‘सदैव आपल्या सेवेत तत्पर’ अशा अर्थाचं. छावण्यांना जाणाऱ्या पत्रांखालीही हेच वाक्य असायचं.

‘हे मेकॅनिकलवाल्यांचं झालं, आमचं काय?’ असं बाकीच्या ब्रँचेसनी म्हणू नये. सगळ्यांचा नंबर येतो.

केमिकल घ्या. झायक्लॉन बी हे मुळात किडे मारायचं औषध. धोका कळावा म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असायचा. छावण्यांसाठी तो वास काढलेला माल पुरवला गेला. माल पुरवणाऱ्या हॅम्बुर्गच्या कंपनीचा मालक ब्रुनो टेश आणि त्याचा मॅनेजर यांना १९४६ मध्ये फाशी झाली. बारावीला आपण सगळ्यांनी अमोनियाची हेबर प्रोसेस घोकली. त्या फ्रिट्झ हेबरच्याच इन्स्टिट्यूटमध्ये या प्रकारच्या कीटकनाशकावरचं सुरुवातीचं काम झालं होतं. हेबर स्वतः जन्माने ज्यू. १९३३ मध्ये त्याला देश सोडावा लागला, १९३४ मध्ये तो परदेशात वारला. पुढे त्याचे नातेवाईक छावण्यांत मारले गेले.

कॉम्प्युटर आणि आयटी घ्या. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, पण पंच कार्डवर चालणारी होलेरिथ मशीन्स होती. आयबीएमच्या जर्मन कंपनीने ती १९३३ आणि १९३९ च्या जनगणनेसाठी पुरवली. मे १९३९ च्या जनगणनेत तर जास्तीचं एक कार्ड होतं. तुमच्या चारही आजी-आजोबांपैकी कोण ज्यू होतं? हा डेटा!

सिव्हिल घ्या. ऑशविट्झजवळ मोनोविट्झला आय. जी. फार्बेन या अजस्र कंपनीने कृत्रिम रबराचा कारखाना उभारायला घेतला. मजूर कोण, तर छावणीतले कैदी. पायाभरणी, केबल टाकणं, सिमेंटच्या गोणी वाहणं, सगळं उपाशी माणसांकडून. काम होईना झाला की गॅस चेंबर. हजारो माणसं मेली. आणि त्या कारखान्यातून एक किलो रबरसुद्धा कधी बाहेर पडलं नाही.

आणि ॲडमिनिस्ट्रेशन? नेदरलँड्समध्ये याकोब लेंट्स नावाचा एक सरकारी अधिकारी होता. लोकसंख्येच्या नोंदींचा तज्ज्ञ. तो काही कट्टर नाझी नव्हता, त्याला आपलं काम परफेक्ट हवं होतं, एवढंच. जर्मनांनी देश ताब्यात घेतल्यावर त्याने इतकं उत्कृष्ट ओळखपत्र डिझाइन केलं की त्याची नक्कल करणं महाकठीण. ज्यूंच्या कार्डावर ‘जे’ अक्षराचा शिक्का. लपायचं तर खोटं कार्ड पाहिजे, आणि खोटं कार्ड बनेना. त्या देशातल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून जास्त मारले गेले. शाळेत आमच्या लायब्ररीत ॲन फ्रँकची डायरी होती, बहुतेक मुलींनी ती वाचली होती. ती ज्या शहरात लपली, तिथलीच ही गोष्ट. मार्च १९४३ मध्ये काही कलाकार आणि विद्यार्थ्यांनी मिळून ॲमस्टरडॅमचं नोंदणी ऑफिस पेटवलं. बारा जणांना त्यासाठी गोळ्या घातल्या गेल्या. चांगलं बनवलेलं रेकॉर्ड जाळण्यासाठी माणसांना जीव द्यावा लागला!

मोनोविट्झमधली अजून एक गोष्ट सांगते, कारण ती व्हायवाची आहे. प्रीमो लेव्ही हा इटलीतल्या तुरीनचा मुलगा. केमिस्ट्रीचा पदवीधर, उत्तम मार्कांनी पास झालेला. पकडला जाऊन फेब्रुवारी १९४४ मध्ये ऑशविट्झला आला तेव्हा चोवीस वर्षांचा. त्याच्या ट्रेनमध्ये साडेसहाशे लोक होते, परत आले जेमतेम वीस. त्याच्या हातावर १७४५१७ हा नंबर गोंदला. कारखान्याला केमिस्ट हवे होते म्हणून कैद्यांची तोंडी परीक्षा घेतली गेली. समोर टेबलामागे डॉक्टर पानविट्झ, नीटनेटके. इकडे लेव्ही, मळलेला, उपाशी, आपल्या हाताचा डाग टेबलाला लागेल म्हणून घाबरलेला. प्रश्न काय, तर थिसिसचा विषय सांगा, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट कसा मोजला ते सांगा. लेव्हीने उत्तरं दिली. नंतर त्याने पुस्तकात लिहिलं की या माणसाने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती माणसाने माणसाकडे बघायची नजरच नव्हती.

दोघंही शिकलेले. दोघांनाही तीच समीकरणं येत होती. शिक्षणाने माणूस सुधारतो असं आपण निबंधात लिहितो ना? जानेवारी १९४२ मध्ये बर्लिनजवळ वानझे इथे पंधरा अधिकारी जमले आणि युरोपातल्या सगळ्या ज्यूंच्या ‘अंतिम उपाया’चं नियोजन त्यांनी दीडेक तासात उरकलं. त्या पंधरांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या नावामागे ‘डॉक्टर’ होतं. पीएच.डी. लेव्हलचे लोक!

आता तुम्ही म्हणाल, ‘बोलायला काय जातं? नाही म्हटलं असतं तर गोळीच घातली असती.’ हा प्रश्न रास्त आहे आणि यावर इतिहासकारांनी खूप काम केलंय. १३ जुलै १९४२ ची गोष्ट. हॅम्बुर्गहून आलेली राखीव पोलिसांची एक तुकडी, जवळजवळ ५०० माणसं, बरीचशी मध्यमवयीन, घरदार असलेली. पोलंडमधल्या युझेफूव्ह गावातल्या ज्यूंना मारायची ऑर्डर होती. मेजर ट्राप याने सकाळी सांगितलं, ज्यांना हे जमणार नाही त्यांनी बाहेर यावं. बाहेर आले साधारण डझनभर. त्यांना काय शिक्षा झाली? काहीही नाही. बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत सुमारे दीड हजार माणसं मारली. ख्रिस्तोफर ब्राउनिंग या इतिहासकाराने या तुकडीवर अख्खं पुस्तक लिहिलंय. तो म्हणतो की निःशस्त्र लोकांना मारायला नकार दिला म्हणून कोणाला भयंकर शिक्षा झाली, असं एकही उदाहरण युद्धानंतरच्या खटल्यांत बचावाच्या वकिलांना सिद्ध करता आलं नाही. मग लोक बाहेर का आले नाहीत? बरोबरचे काय म्हणतील म्हणून. घाबरट म्हणतील म्हणून. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना ही भीती काय असते ते वेगळं सांगायला नको.

विरोधाचा उपयोग झाल्याचंही उदाहरण आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी चर्चमधून उघडपणे अपंगांच्या हत्येचा निषेध केला. त्या भाषणाच्या प्रती देशभर फिरल्या, आणि त्याच महिन्यात हिटलरला तो कार्यक्रम अधिकृतपणे थांबवावा लागला. नंतर तो लपूनछपून चालू राहिला हे खरं. पण हिटलरलासुद्धा लोक काय म्हणतात याची पर्वा होती, हे यातून दिसतं.

आणि शेवटी एक आपला माणूस. म्हणजे इंजिनिअर. हेर्मान ग्रेबे, एका जर्मन बांधकाम कंपनीचा मॅनेजर. युक्रेनमध्ये रेल्वेची बांधकामं बघायचा. त्याच्याकडे मजूर म्हणून बरेच ज्यू होते. त्याच १३ जुलै १९४२ च्या रात्री रोव्नो शहरातली ज्यू वस्ती रिकामी करून लोकांना मारायला सुरुवात झाली. ग्रेबेने आधीच ऑफिसात जाऊन ‘हे माझे कामगार आहेत, काम अडेल’ असं सांगून लेखी कागद मिळवला होता. त्या रात्री तो स्वतः तिथे उभा राहिला आणि सुमारे दीडशे माणसं बाहेर काढली. पुढे लोकांना लपवण्यासाठी त्याने पोल्टाव्हाला कंपनीची एक ब्रँच उघडली. खरं काम नसलेली, नुसती कागदावरची!

५ ऑक्टोबर १९४२ ला डुब्नोच्या विमानतळाजवळ त्याने सामुदायिक हत्या डोळ्यांनी बघितली. १९४५ मध्ये शपथेवर साक्ष दिली आणि ती न्युरेंबर्गच्या खटल्यात वाचली गेली. ती साक्ष वाचताना कळतं की हा इंजिनिअर आहे. मातीचे ढिगारे सुमारे ३० मीटर लांब, २ मीटर उंच. बुटांचा ढीग, ८०० ते १,००० जोड. आणि त्या मोजमापांच्या मध्येच एक सडपातळ, काळ्या केसांची मुलगी. खड्ड्याकडे जाताना ती त्याच्याजवळून गेली, स्वतःकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, ‘तेवीस.’ वय सांगत होती.

आपल्यातले पुष्कळ जण तेविसाव्या वर्षी पहिल्या नोकरीत असतील.

या साक्षीनंतर ग्रेबेला त्याच्या देशात लोक गद्दार म्हणायला लागले. १९४८ मध्ये तो अमेरिकेला निघून गेला. प्रुफरकडे जे शिक्षण होतं, जे शिस्तीचे संस्कार होते, तेच ग्रेबेकडे होते. सुरुवातीला तो पक्षाचा मेंबरसुद्धा होता. फरक एवढाच की आपल्या कामाचा शेवट कुठे होतो, हे त्याने विचारलं.

‘हे सगळं जुनं झालं’ असंही म्हणता येणार नाही. वंशसंहारासाठी ‘जेनोसाइड’ हा शब्द राफाएल लेमकिन याने १९४४ मध्ये तयार केला, १९४८ मध्ये त्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. तरी १९९४ मध्ये रवांडात शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, त्यात बहुसंख्य तुत्सी. तिथेही ओळखपत्रावर जमात लिहिलेली होती. नाक्यावर कार्ड दाखवलं की संपलं. १९९५ मध्ये बोस्नियात स्रेब्रेनित्सा इथे सुमारे आठ हजार मुस्लिम पुरुष आणि मुलं मारली गेली. आधी यादी, मग वेगळं काढणं, मग वाहतूक. क्रम तोच.

आपल्याकडे प्रोफेशनल एथिक्स नावाचं काहीतरी असतं. आदल्या रात्री झेरॉक्स मारून पास व्हायचं! त्यात लाच घेऊ नये, कॉपी करू नये एवढंच लक्षात राहतं. ऑर्डर अगदी कायदेशीर आहे, बॉस चांगला आहे, पगार चांगला आहे, ड्रॉइंग बरोबर आहे, आणि तरीही काम करू नये, असं कधी असू शकतं का? हा प्रश्न आपल्याला कोणी विचारत नाही. व्हायवाला ‘कसं केलं?’ विचारतात. ‘कशासाठी?’ कोणी विचारत नाही. मी सर आणि मॅडम लोकांना विनंती करते की विचारा. फायनल इयरच्या प्रोजेक्टला एक प्रश्न वाढवा. हे मशीन, हा प्रोग्रॅम, हा डेटाबेस वाईट माणसाच्या हातात पडला तर काय होईल? तुम्ही त्यात काय अडसर ठेवलाय? पाच मार्क ठेवा. मार्क असले की आपण वाचतो!

आणि हॉस्टेलच्या मित्रमैत्रिणींना एवढंच. कडक रेक्टरना दुसरं काहीतरी नाव शोधा, आपण नावं ठेवण्यात हुशार आहोत. ‘एक हिटलर पाहिजे’ असं कोणी म्हणालं तर भांडू नका, फक्त विचारा, ‘त्याच्या यादीत कोण असेल?’ अपंग, परधर्मीय, वेगळे राहणारे, नकार देणारे. प्रत्येक फ्लोअरवर त्यातलं कोणीतरी सापडतंच. बऱ्याचदा विचारणाऱ्याच्याच घरात.

पुढच्या काही वर्षांत आपण सगळे कुठे ना कुठे नोकरीला लागू. आपल्यासमोर ऑर्डरी येतील. त्यातल्या बहुतेक साध्या असतील, पूल, पंप, पेरोल. पण एखादी तशी नसेल. त्या दिवशी सही करायच्या आधी पाच मिनिटं थांबून ‘हे कशासाठी?’ एवढं विचारायची सवय आत्तापासून लावून घेऊ. पटलं तर बघा.

— टी. ई. मेकॅनिकलची एक विद्यार्थिनी